शब्दचर्चा : इंजिनची ‘ताकद’ म्हणजे नक्की कुणाची ताकद?

शहापूरकर :
मंडळी, एक शब्द अडलाय. मी शहापुरात शनिवार-रविवार आठ-दहा पोरांना बुद्धिबळ शिकवतो, सगळी मराठी माध्यमाची, त्यांच्यासाठी कॉम्प्युटरच्या बुद्धिबळावर चार पानं लिहायला घेतली आणि पहिल्याच वाक्याला गाडी अडकली. मी लिहिलं, ‘स्टॉकफिश या इंजिनची ताकद 3600 च्या आसपास आहे.’ तर एक पोरगा म्हणाला, सर माझ्या मोबाईलवर पण तोच स्टॉकफिश हाय, मग ह्याची पण ताकद तेवढीच काय? मला पटकन उत्तर देता आलं नाही, कारण खरं उत्तर ‘नाही’ आहे आणि माझं वाक्य तर ‘होय’ म्हणालंय.

मग आम्ही तिथंच करून बघितलं. एकच डाव मधूनच मोबाईलवर आणि माझ्या डेस्कटॉपवर लावला, दोघांना एक-एक मिनिट दिलं. मिनिट संपलं तेव्हा मोबाईल डेप्थ 23 ला होता (डेप्थ म्हणजे किती चाली पुढचं बघितलं ते), डेस्कटॉप 31 ला. मोबाईल शेवटपर्यंत घोडा मागं घ्या म्हणत होता. डेस्कटॉप पण पहिली वीसेक सेकंद तेच म्हणत होता आणि मग एकदम हत्ती देऊन टाका म्हणायला लागला. प्रोग्राम तोच, व्हर्जन तीच. पोरं गप्प होऊन बघत राहिली.

तर विचारायचं ते असं की ह्या 3600 सारख्या आकड्याला, म्हणजे रेटिंगला, पेपरात कुठं मानांकन, कुठं गुणांकन, कुठं चक्क क्रमवारी लिहितात, त्यातलं कुठलं घेऊ? आणि मशीन बदललं की जे बदलतं त्याला मराठीत काय म्हणू?

निपाणीकर :
क्रमवारी पहिल्यांदा काढून टाका सर, ती म्हणजे पहिला-दुसरा-तिसरा, त्यात आकडा कुठं आला. मानांकन टेनिसवाल्यांनी घेतलंय, ‘अग्रमानांकित खेळाडू’ म्हणतात की, शिवाय कारखान्यांच्या पाटीवर आयएसओ मानांकन असतंय. गुणांकन चांगलं वाटतंय पण तिथं अडचण अशी की इंजिन पटावरच्या स्थितीला जे अधिक-उणे गुण देतं, म्हणजे पांढऱ्याला +0.7 वगैरे, त्याला पण लोक गुणांकनच म्हणतात, एका पानात दोन्ही आलं की पोरांचा घोटाळा होणार. मी तर सरळ ‘रेटिंग’ ठेवीन आणि स्थितीच्या गुणांना ‘मूल्यमापन’.

आणि एक विनंती, ह्या रेटिंगला एलो रेटिंग म्हणतात, ते ‘ईएलओ’ असं एकेक अक्षर सुटं लिहू नका. ते लघुरूप नाही, आडनाव आहे. आर्पाड एलो, हंगेरीत जन्मले, अमेरिकेत मिलवॉकीला भौतिकशास्त्र शिकवायचे, त्यांची पद्धत बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेनं, फिडेनं, 1970 मध्ये घेतली. तो आकडा एकटा काहीच सांगत नाही, दोघांतला फरक सांगतो. 100 चा फरक असेल तर वरच्याला 100 डावांत साधारण 64 गुण मिळायला हवेत, 200 चा असेल तर 76, 400 चा असेल तर 91. तराजूच्या दोन पारड्यांसारखं आहे ते, म्हणून मला ‘ताकद’ हा शब्दच खटकतो. ताकद म्हटलं की वाटतं अंगात साठवून ठेवलेली काहीतरी वस्तू आहे. जगज्जेता राहिलेल्या कार्लसनचं सगळ्यात वरचं 2882 माणसांत खेळून आलेलं आणि हे 3600 इंजिनाइंजिनांत खेळून आलेलं, दोन वेगळ्या बाजारांतले तराजू, एकातून दुसरं वजा करून चालत नाही.

उद्यमबागवाला :
मला वाटतंय घोळ ‘इंजिन’ शब्दापासूनच सुरू होतोय. आमच्याकडं इंजिन म्हटलं की शेतावरचं पाणी ओढायचं इंजिन, लोखंडाचं, प्लेटीवर एचपी कोरलेला. तो एचपी त्याच लोखंडाचा. बुद्धिबळातलं इंजिन म्हणजे नुसता प्रोग्राम, त्याला लोखंड नाहीच, ते आपण पुरवायचं. म्हणून पोरगं बरोबर विचारतंय की ओ, त्याला वाटलं प्लेटीवर 3600 कोरलंय.

आपल्या गावाकडच्या गाडा पळवायच्या शर्यती आठवा. नंबर कुणाला देतात? जोडीला. एकट्या बैलाला कोण नंबर देत नाही. तोच बैल दुसऱ्या बैलाबरोबर जुंपला की गाडा वेगळा पळतोय. इंजिनाचं रेटिंग पण असंच जोडीचं असतं, एक बैल प्रोग्राम, दुसरा बैल मशीन. स्वीडनच्या लोकांची एसएसडीएफ म्हणून रेटिंगची यादी आहे, 1984 पासूनची, त्यात प्रत्येक ओळीत प्रोग्रामच्या नावाला मशीन चिकटवलेलं असायचं, पेंटियम 90 मेगाहर्ट्झ वगैरे. तोच प्रोग्राम दोन मशीनवर दोनदा, दोन वेगळे आकडे. त्यांना हे तेव्हाच कळलेलं. माझं म्हणणं ‘जोडीचं रेटिंग’ म्हणा, गावातल्या कुणालाही लगेच समजेल.

शहापूरकर :
अण्णा, हे काळजात बसलं. पण एक शंका, मग सीसीआरएल म्हणून इंजिनांच्या रेटिंगची जी यादी आहे, तिच्यात नुसती प्रोग्रामांचीच नावं कशी? तिथं तर किती जण आपापल्या घरच्या मशीनवर डाव खेळवतात.

उद्यमबागवाला :
तिथं दुसरा बैल सगळ्यांना सारखा करून घेतलाय. आय-सेव्हन 4770-के हा प्रोसेसर माप म्हणून धरलाय, त्याच्यावर 40 चालींना 15 मिनिटं, आणि तुमचं मशीन हळू असेल तर तेवढ्या पटीनं वेळ वाढवून द्यायचा. वेग निम्मा तर वेळ दुप्पट. प्रोग्रामच्या दृष्टीनं दोन्ही एकच, त्याला तेवढ्याच स्थिती बघायला मिळतात. म्हणजे जोडी आहेच, फक्त दुसरा बैल यादीच्या डोक्यावर एकदाच लिहिलाय, आणि आपण खालचाच आकडा बघून पुढं जातो.

खानापूरकर :
डेप्थ या शब्दावर कुणी बोललंच नाही. ‘खोली’ लिहू नका सर, ‘इंजिन 31 खोल्या गेलं’ म्हटलं तर भाड्याच्या खोल्या वाटतात. आमच्या आजोबांचा शब्द आहे ‘ठाव’. विहिरीचा ठाव, ठाव लागला, ठाव घेतला. आणि तो मोजायचा ‘परस’मध्ये, सात परस विहीर, दहा परस विहीर. एक परस म्हणजे एक पुरुष उंची. इंजिनाचा एक परस म्हणजे एका बाजूची एक चाल, आपली आणि समोरच्याची मिळून दोन परस.

आता वेगाचा हिशेब याच्यातूनच निघतो बघा. पटावर एका वेळी सरासरी 35 च्या आसपास चाली असतात. अल्फा-बीटा छाटणी, म्हणजे बिनकामाच्या चाली न तपासता सोडणं, नीट झाली तर त्याचं वर्गमूळ, म्हणजे सहाएक फांद्याच तपासाव्या लागतात. म्हणजे एक परस आणखी खाली जायला सहापट काम. सहापट म्हणजे वेग साधारण अडीच वेळा दुप्पट करणं. केन थॉम्पसननी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचं बेल हे बुद्धिबळाचं मशीन स्वतःशीच खेळवलं, एक बाजू एक परस जास्त खोल, आणि उथळ पाण्यात दर परसाला रेटिंगमध्ये साधारण 200 गुणांचा फरक दिसला. 200 ला अडीचनं भागा, 80 आले. पुढं खोल जाईल तसं ते घटतं, म्हणून जुन्या लोकांच्या तोंडी आकडा बसला, वेग दुप्पट तर 50 ते 70 गुण. आता तर वरच्या इंजिनांत डाव बरोबरीतच सुटतात, वेग दुप्पट केला तरी त्याहून कमीच पदरात पडतं. विहीर खणताना पण तसंच, माती असते तोवर भराभर खाली जाता, खडक लागला की दिवसाला वीतभर.

परस शब्दाचा अजून एक फायदा. माणूस उंच तर परस मोठा, बुटका तर लहान. इंजिनांचं पण तसंच, कोण जास्त छाटतं, कोण कमी, त्यामुळं एका इंजिनाचा 30 आणि दुसऱ्याचा 30 सारखा नसतो. दोन वेगळ्या इंजिनांचे ठाव शेजारी ठेवून कोण मोठा ते ठरवू नये.

वडगावकर :
आमच्या घरी माग आहेत म्हणून सुचतंय, परसऐवजी ‘पदर’ पण चालेल, इंग्रजीत ‘प्लाय’ हा शब्द दोऱ्याच्या पदरालाच म्हणतात, दुपदरी तिपदरी सूत. हायवे पण आपण चौपदरी म्हणतोच. पण परस जास्त गोड आहे, मी हट्ट करत नाही. ‘थ्रेड’ला, म्हणजे प्रोग्राम एकाच वेळी शेजारी-शेजारी जी कामं चालवतो त्यातल्या एकेकाला, मात्र धागाच म्हणा. आणि तिथं पोरांना सांगा, चार धागे लावले म्हणजे चौपट दम येत नाही, धागे एकमेकांचं काम पुन्हा करत बसतात, थोडं वाया जातंच.

निपाणीकर :
सगळं वेगावर ढकलू नका पण. डीप ब्लू ह्या मशीननं 1997 मध्ये जगज्जेत्या कास्पारोवला हरवलं तेव्हा ते सेकंदाला 20 कोटी स्थिती बघायचं. वीस वर्षांनी 2017 मध्ये अल्फाझीरो हा प्रोग्राम सेकंदाला 80 हजारच बघत होतं, समोरचा स्टॉकफिश 7 कोटी, आणि 100 डावांत अल्फाझीरोनं 28 जिंकले, 72 बरोबरीत, हरला एकही नाही. पुढं 2020 मध्ये स्टॉकफिशनंच मूल्यमापनासाठी न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकलेली रचना, घेतलं, सेकंदाच्या स्थिती बऱ्याच घसरल्या आणि खेळ मात्र चढला. ह्याला मी ‘नजर’ म्हणेन. जुना पैलवान आखाड्यात कमी पळतो पण पकड कुठं सुटणार ते त्याला आधी दिसतं.

आणि त्या 100 डावांवर भांडण कशावरून झालं? अल्फाझीरो चार खास चिपांवर, स्टॉकफिश साध्या प्रोसेसरवर आणि त्याची हॅश मेमरी, म्हणजे बघितलेल्या स्थिती लक्षात ठेवायची जागा, 1 जीबी. म्हणजे परत अण्णांची जोडीच.

शहापूरकर :
मला आता माझीच एक चूक सांगायची आहे, कारण ती ह्या शब्दामुळंच झाली. गेल्या पावसाळ्यात मी एका इंजिनाची नवी व्हर्जन जुन्या लॅपटॉपवर आणि जुनी व्हर्जन नव्या डेस्कटॉपवर लावून रात्रभर 40 डाव खेळवले. मध्ये लाईट गेली, डेस्कटॉपला इन्व्हर्टर होता, लॅपटॉप बॅटरीवर गेला आणि बॅटरी वाचवायला स्वतःचा वेग कमी करून बसला. सकाळी बघितलं तर नवी व्हर्जन सपाटून हरलेली. मी पोरांना सांगून टाकलं की नवीन व्हर्जनमध्ये ताकद नाही. दोन पोरांनी घरी जाऊन ती काढून पण टाकली. आणि 40 डाव म्हणजे मशीन सारखं असलं तरी शंभरेक गुण इकडंतिकडं व्हायला पुरेसे. त्या वेळी मी ‘ताकद’ऐवजी ‘जोडी’ म्हटलं असतं तर दुसरा बैल लंगडत होता हे आपोआप डोळ्यासमोर आलं असतं.

तर पानावर आता असं लिहिलंय, बघा आणि कुणाला खटकलं तर सांगा : ‘सीसीआरएलच्या ठरवलेल्या मशीनवर आणि ठरवलेल्या वेळेत, इतर इंजिनांशी खेळून, स्टॉकफिशच्या जोडीचं एलो रेटिंग 3600 च्या आसपास येतं. तुमच्या मोबाईलवर तोच स्टॉकफिश त्याच वेळेत कमी परस खाली जाईल, त्याची नजर तीच राहील, ठाव कमी लागेल.’

खानापूरकर :
‘कमी परस खाली जाईल’ आणि ‘ठाव कमी लागेल’ एकच झालं, दुसरं काढा. बाकी एकदम बेस्ट.

शहापूरकर :
काढलं. आणि त्या दोन पोरांना नवी व्हर्जन परत टाकायला सांगितली.