इंदूर: सावलीतल्या ओल्या कोपऱ्यात ऑस्ट्रिच फर्न लागेल का?

जांभळाखालचं_घर:
नमस्कार मंडळी. आम्ही रामबागेत जुन्या घरात राहतो. मागच्या अंगणात उत्तरेच्या भिंतीलगत दहा बाय सहा फुटांचा कोपरा आहे. वर जांभूळ, शेजारी तीन मजली इमारत. ऊन सकाळी तासभर येतं, तेवढंच. हौदाचं पाणी तिकडे झिरपतं, म्हणून माती कायम ओली. मोगरा, जास्वंद, गुलाब सगळं लावून झालं, कशालाच फूल धरलं नाही.

गेल्या वर्षी लेकीकडे कॅनडात गेले होते. तिच्या घरामागे झाडांच्या सावलीत कमरेएवढे नेचे उभे होते. बॅडमिंटनच्या फुलासारखे, खाली निमुळते आणि वर गोल उमललेले. पानं शहामृगाच्या पिसांसारखी, म्हणून नाव ऑस्ट्रिच फर्न. ते रूप डोळ्यांपुढून हलत नाही. ऑनलाइन गड्डे मिळतात असं दिसतंय. मागवू का? तिकडे त्याच्या कोवळ्या गुंडाळलेल्या कोंबांची भाजी करतात, तीही इथे जमेल का?

माळव्याची_माती:
ताई, मागवू नका. मी मागवले होते. नोव्हेंबरात लावले, फेब्रुवारीत सुंदर गुंडाळे वर आले, घरातले सगळे रोज बघायला जायचे. एप्रिलच्या शेवटी पानांच्या कडा करपल्या आणि मे महिन्यात गड्डाच सुकला. दोन वेळा पाणी घालत होतो तरीही.

नंतर वाचून कारण कळलं. हा नेचा उत्तरेकडच्या थंड मुलखातला. तिकडे शरद ऋतूत हिरवी पानं मरतात. मधोमध असलेले तपकिरी, आखूड, बीजाणूंचे तुरे तेवढे बर्फातही ताठ उभे राहतात, आणि गड्डा कित्येक महिने गारठलेल्या जमिनीत झोपतो. ती झोप त्याला लागतेच. आपल्याकडे जानेवारीत रात्री आठ-दहा अंश, दुपारी पंचवीस. ही काही झोप नव्हे. वर मे महिन्यात ४२ अंश आणि कोरडी लू. शब-ए-माळवा, म्हणजे माळव्याची गार रात्र, माणसांना सुखाची असली तरी या झाडाला पुरत नाही.

तुमचा कोपरा मात्र नेच्यांसाठीच आहे, तो सोडू नका.

विहिरीकाठी:
काकू, ते उमललेलं रूपच हवं असेल तर बर्ड्स नेस्ट फर्न लावा. तोही गोल फनेलसारखा उघडतो. पानं पिसांसारखी चिरलेली नसतात, अखंड आणि चकचकीत असतात, पण सावलीत फार शोभतात. एक सांभाळा. रानात तो झाडाच्या खोडावर वाढतो, जमिनीत नाही. काळ्या चिकट मातीत थेट लावला तर मुळं कुजतील. विटांवर उंच ठेवलेल्या कुंडीत लावा. कोकोपीट, पालापाचोळ्याचं खत, कोळशाचे तुकडे आणि विटांचा चुरा घ्या. हिवाळ्यात पाणी मुळाशी घाला, पानांच्या मधल्या पेल्यात नको. कडाक्याच्या थंडीत कुंडी पडवीत घ्या.

जमिनीत सोर्ड फर्न. तो ऑस्ट्रिच फर्नसारखाच जमिनीखालून धावणाऱ्या दोऱ्यांनी पसरतो, दोन पावसाळ्यांत कोपरा भरून टाकतो. आधी फूटभर काळी माती काढून तिच्यात वाळू आणि पानांचं खत मिसळा. गड्ड्याचा शेंडा मातीच्या वर राहू द्या. माझा तर आग्रह आहे, जुन्या विहिरींच्या चुन्याच्या भेगांत आपोआप उगवणारा लांब पट्टीसारख्या पानांचा नेचाही आणा. त्याला चुना आवडतो, त्यामुळे बोअरचं जड पाणी चालतं.

भाजीचा विचार मात्र सोडा. कॅनडातही ते कोंब कच्चे खात नाहीत. पंधरा मिनिटं उकळून ते पाणी फेकतात, नाहीतर उलट्या-जुलाब होतात. आणि विहिरीच्या भेगांतला तो नेचा जमिनीतलं आर्सेनिक हे विष शोषून पानांत साठवतो. तो बघायचा, खायचा नाही.

शिंपण:
पाण्याबद्दल एक. आरओचं वाया जाणारं पाणी नेच्यांना घालू नका, त्यात क्षार जास्त. एसीचं ठिबकणारं पाणी बादलीत धरा, ते अगदी मऊ असतं. मे महिन्यात पश्चिमेकडून हिरवी जाळी आणि भिंतीवर ओलं गोणपाट. लू अडवली की अर्धं काम झालं. लावायचं ते आषाढातल्या पावसात.

जांभळाखालचं_घर:
सगळ्यांचे मनापासून आभार. गड्डे मागवले नाहीत. जुलैत सहा सोर्ड फर्न लावले, बर्ड्स नेस्ट कुंडीत आहे, आणि मामांच्या वाड्यातल्या विहिरीवरून एक रोप मुळासकट आणलं. आता श्रावण संपत आला, गुंडाळे रोज उलगडतायत. पण काल सोर्ड फर्नच्या पानांखाली तपकिरी ठिपके दिसले. कीड म्हणावी तर सगळे दोन ओळींत, शिवणीसारखे. निंबोळी तेल फवारू का?

विहिरीकाठी:
काकू, फवारू नका! ते बीजाणू आहेत. बोटाने घासून पाहा, तपकिरी भुकटी लागेल. नेच्याला फूल-बी नसतं, त्याचं पुढचं पीक त्या ठिपक्यांतच असतं. एक पान कागदावर पालथं ठेवा आणि दोन दिवसांनी बघा.