प्वेब्लो: मुळात मालवाहू
अमेरिकन नौदलाचं 'प्वेब्लो' हे जहाज हेरगिरीसाठीच बांधल्याचं एकांनी लिहिलंय. तसं नाही हो. 1944 साली विस्कॉन्सिनमधल्या किवॉनीत बांधलेलं ते अमेरिकन लष्कराचं साधं मालवाहू, जेमतेम 54 मीटरचं. 1954 पासून नुसतं पडून होतं. 1966 मध्ये नौदलाकडे आलं, तेही आधी हलकं मालवाहू म्हणूनच. हेरगिरीची यंत्रं नंतर चढली. 23 जानेवारी 1968ला उत्तर कोरियाने पकडलं तेव्हा संरक्षणाला दोन मशीनगन, त्याही बर्फाने कडक झालेल्या ताडपत्रीखाली! 83 जणांपैकी एक दगावला, बाकीचे अकरा महिन्यांनी सुटले. जहाज मात्र आजही प्याँगयांगच्या संग्रहालयात आहे. गंमत म्हणजे अमेरिकन नौदलाच्या यादीत ते अजून सेवेतच!