कुंचल्याचे फाँट: पाटीला ठीक, पण मेनूकार्डाला कशाला?

बोरूबहाद्दर: मुंबई लोकलच्या स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून कॅथरीन ली श्मिट यांनी 'यात्रा वन' हा फाँट केला. 'दादर', 'परळ' असं मोठ्ठं लिहा, झकास दिसतो. पण परवा एका हॉटेलात आख्खं मेनूकार्ड त्यात! जाड फटकाऱ्यांचं अक्षर एवढं बारीक केलं की 'थ'ची गाठ भरून जाते, अनुस्वार वेलांटीला चिकटतो. 'कोथिंबीर वडी' मी अंदाजाने मागवली. असले फाँट चार शब्दांपुढे वापरूच नयेत.

कोरलवाला: छपाईच्या दुकानात बसून बघा एकदा. गिऱ्हाईक रात्री आठला येतं, "जरा हटके अक्षर टाका" म्हणतं, सकाळी फ्लेक्स हवा. २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर पाटीवरचं मराठी इतर लिपीपेक्षा लहान चालत नाही, म्हणून ठसठशीत देवनागरी सगळ्यांनाच हवी झाली. श्रीलिपी या जुन्या मराठी सॉफ्टवेअरमधलं तेच ते अक्षर किती वर्षं छापायचं? हे फाँट फुकट आहेत, गिऱ्हाईक खूश आहे. बिघडलं कुठे?

पेंटर_मिरज: बिघडतं ते 'काका वडापाव' लिहिताना. दोन्ही 'का' शिक्का मारल्यासारखे सारखे! हाताने लिहिलं तर दुसरा 'का' जागा बघून बसतो. अक्षरकार कमल शेडगे यांनी नाटकांची नावं रंगवली ती नाटकाचा स्वभाव बघून. सगळ्यांना एकच कुंचला लावायचा तर कलाकार हवाच कशाला?

जोडाक्षर: पेंटरदादा, एकाच अक्षराची दोन-तीन रूपं फाँटात भरता येतात, ओपनटाइप या फाँटच्या प्रकारात ती सोय आहे. फार थोडे लोक तेवढी मेहनत घेतात, हे मान्य. आणि कलाकार हनीफ कुरेशी यांनी तर रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरंच फाँटात उतरवली, पेंटरांच्या नावानिशी. फाँट आला म्हणून पेंटर गेला नाही हो, तो फ्लेक्सने घालवला. माझा राग वेगळाच आहे. कित्येक फाँटांत 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात. मराठी रूप आत असतं, पण सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडल्याशिवाय बाहेर येत नाही. 'शीतल' लिहा, लगेच कळेल.

कोरलवाला: भाषा कुठली निवडताय! माझ्या जुन्या कोरलमध्ये, म्हणजे पाट्या-पत्रकं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये, युनिकोड (आजकालच्या फाँटांची पद्धत) टाकलं की जोडाक्षरंच तुटतात.

जोडाक्षर: मग आधी ते बदला. मेनूकार्डापुरतं सांगतो: हॉटेलचं नाव 'एक टाइप' या फाँट करणाऱ्या संस्थेच्या 'मोदक' फाँटमध्ये टाका. तो इतका गुबगुबीत आहे की अक्षरातली पोकळी नुसती रेघेएवढी उरते. पदार्थ त्यांच्याच 'बालू २' फाँटच्या साध्या जाडीत. गोलवा तोच राहतो, वाचताही येतं.

पेंटर_मिरज: नाव माझ्याकडून रंगवून घ्या, खालचं तुम्ही छापा. एवढं जमेल?

कोरलवाला: पैसे कोण देणार? गिऱ्हाईक नाही देत.

बोरूबहाद्दर: निदान दर तरी साध्या अक्षरात टाक बाबा. कुंचल्याचा १ बारीक केला की ९ वाटतो. १५०ची थाळी कुणी ९५०ची वाचली तर भांडायला तुझ्याच दुकानात येतील.