चित्रपटातील बस नेमकी कोणती, हे खात्रीने कसे ओळखावे?

मागची_खिडकी

गेली काही वर्षे मी चित्रपटांत दिसणाऱ्या बस, ट्राम आणि भुयारी रेल्वेगाड्यांची नोंद एका वहीत ठेवत आहे. सुरुवातीला चित्रपटाचे नाव, प्रसंग आणि गाडीचा रंग एवढेच लिहीत असे; आता गाडीची बनावट आणि तिच्या उत्पादनाचा काळही नोंदवावा असे वाटते आणि तेथेच मी अडतो. १९६३ च्या 'समर हॉलिडे' या चित्रपटातील लाल डबल डेकर मी 'रूटमास्टर' (लंडनची प्रसिद्ध दुमजली बस) म्हणून लिहून ठेवली होती, कारण अनेक ठिकाणी तिचा उल्लेख तसाच आढळतो. परवा चित्रपट पुन्हा पाहिला, तेव्हा तिचा पुढचा भाग मला रूटमास्टरसारखा वाटला नाही. अशा वेळी कोणत्या खुणांवर विसंबावे? शिवाय, गाडी कथेच्या काळाशी जुळते की नाही, हे आपण कसे ताडून पाहता?

जुना_सांगाडा

आपली शंका योग्य आहे. ती बस रूटमास्टर नसून तिच्या आधीच्या पिढीतील, एईसी कंपनीच्या रीजेंट ३ या बनावटीची आणि लंडनमध्ये 'आरटी' म्हणून ओळखली जाणारी गाडी आहे. दोन्ही लाल, दोन्ही दुमजली, दोन्हींत चालकाची अरुंद केबिन इंजिनाच्या शेजारी आणि मागे दार नसलेली चढण्या-उतरण्याची जागा. त्यामुळे घोटाळा होणे स्वाभाविक आहे. पुढून पाहिल्यास मात्र फरक स्पष्ट दिसतो. आरटीचा रेडिएटर केबिनच्या बाजूला उभा, आपल्या स्वतंत्र चौकटीसह दिसतो, तर रूटमास्टरची जाळी रुंद बॉनेटमध्ये सामावलेली असते. आरटीचे उत्पादन १९५४ मध्ये थांबले. रूटमास्टरचा पहिला नमुना त्याच वर्षी तयार झाला आणि १९६८ पर्यंत एकूण २,८७६ गाड्या बनल्या. रूटमास्टरची लांब आवृत्ती ओळखायची असेल, तर बाजूच्या खिडक्यांच्या रांगेत मधोमध एक आखूड खिडकी आहे का, ते पाहावे.

१९७३ च्या 'लिव्ह अँड लेट डाय'मध्ये पुलाखालून जाताना जिचा वरचा मजला उडतो, ती बसही आरटीच आहे. तो प्रसंग जमैकात चित्रित झाला आणि बस चालवण्यासाठी लंडनहून बसचालकांचे एक प्रशिक्षक नेले होते. वरचा मजला आधीच कापून बॉल बेअरिंगवर ठेवला होता; पुलाच्या धडकेने तो सरकून मागे पडावा, अशी ती रचना होती.

मी एकच नियम पाळतो. चित्रीकरण करणाऱ्यांना जे एका रात्रीत बदलता येते, म्हणजे रंग, पाटी, मार्गक्रमांक आणि नंबर प्लेट, ते पुरावा म्हणून धरू नये. खिडक्यांची संख्या, समोरच्या काचेचे भाग, दारांची जागा आणि छताची गोलाई यांवरच ओळख ठरवावी.

सहा_काचा

हाच नियम काळ ठरवतानाही उपयोगी पडतो. जनरल मोटर्सची 'न्यू लूक' बस १९५९ मध्ये आली. तिची समोरची काच सहा तुकड्यांची आणि बाहेर फुगलेली असल्याने तिला 'फिशबोल' (मासे ठेवण्याचे गोल काचपात्र) म्हणत, आणि बाजूच्या खिडक्या तिरक्या असल्यामुळे दूरच्या, धूसर दृश्यातही ती चुकत नाही. १९९४ च्या 'स्पीड'मधील २५२५ क्रमांकाची बस याच बनावटीची आहे. कथा १९५५ ची असेल आणि रस्त्यावर अशा तिरक्या खिडक्या दिसत असतील, तर ती गाडी त्या काळातील नव्हे, हे निःशंकपणे लिहावे. तुलनेसाठी एक भक्कम आधार उपलब्ध आहे: १ डिसेंबर १९५५ रोजी अमेरिकेतील माँटगोमेरीत कृष्णवर्णीय प्रवासी रोझा पार्क्स यांनी जिच्यातील आसन सोडण्यास नकार दिला, ती १९४८ ची, गोलसर छताची २८५७ क्रमांकाची बस डिअरबॉर्न येथील हेन्री फोर्ड संग्रहालयात जतन केलेली आहे.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. 'स्पीड'मध्ये पडद्यावर एकच बस असली, तरी चित्रीकरणात अनेक गाड्या वापरल्या होत्या. म्हणून एका दृश्यातील खूण दुसऱ्या दृश्यातील गाडीला आपोआप लावू नये.

तिसरा_रूळ

जुना_सांगाडा यांच्या नियमाशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु पाटी आणि रंग नोंदीतून गाळू नयेत, असे माझे आग्रहाचे मत आहे. वाहन कोणते आहे आणि ते कोणत्या वाहनाची भूमिका करीत आहे, या दोन्ही गोष्टी मोलाच्या आहेत. 'स्कायफॉल'मध्ये (२०१२) लंडनच्या भुयारी रेल्वेच्या डिस्ट्रिक्ट मार्गावरची म्हणून दाखवलेली गाडी प्रत्यक्षात ज्युबिली मार्गावरील १९९६ च्या ताफ्यातील असून चित्रीकरण चेरिंग क्रॉस स्थानकाच्या १९९९ पासून प्रवाशांसाठी बंद असलेल्या फलाटांवर झाले. डिस्ट्रिक्टच्या गाड्या उंच आणि सरळ भिंतींच्या असतात, तर खोल बोगद्यांतील गाड्यांचे छत गोलाकार आणि ठेंगणे असते, त्यामुळे हा फरक लगेच लक्षात येतो. तसेच सत्यकथेवर आधारित 'इनटू द वाइल्ड'मधील (२००७) १४२ क्रमांकाची बस ही प्रतिकृती आहे. मूळ बस तेव्हा अलास्काच्या रानात होती आणि जून २०२० मध्ये ती हेलिकॉप्टरने उचलून नेण्यात आली.

ट्रॉलीबस आणि ट्राम यांत संभ्रम झाल्यास छताकडे पाहावे: ट्रॉलीबसला दोन दांडे आणि डोक्यावर दोन तारा लागतात, तर ट्रामला एक तार पुरते, कारण वीज रुळांतून परतते. दार अनपेक्षित बाजूला दिसले, तर दृश्य आरशातल्यासारखे डावे-उजवे उलटे छापले गेले आहे का, हे पाटीवरील अक्षरांवरून तपासावे.

मागची_खिडकी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज चित्रपट थांबवून थांबवून पाहिला. रेडिएटर स्वतंत्र चौकटीत उभा आहे, यात शंका नाही. 'समर हॉलिडे'ची नोंद मी दुरुस्त केली असून वहीत 'गाडी' आणि 'भूमिका' असे दोन रकाने आखले आहेत. जुन्या नोंदींपैकी 'रूटमास्टर' असे लिहिलेल्या अकरा गाड्या आता खिडक्या मोजून पुन्हा तपासायच्या आहेत. त्यांतील एकीच्या मधोमध आखूड खिडकी आजच दिसली.