‘फर्स्ट इम्प्रेशन’ला मराठीत काय म्हणाल? (ऍक्शन गेमपुरतं)

चेंदणीकर

भाचा ऐरोलीला राहतो. बारावी संपली आणि आता गेम खेळतानाचे व्हिडिओ मराठीतून करायचं त्याने डोक्यात घेतलंय. गाडी पहिल्या पाटीवरच अडली. नवा ऍक्शन गेम दोनेक तास खेळून जे मत होतं, त्याच्या व्हिडिओला इंग्रजीत ‘फर्स्ट इम्प्रेशन्स’ म्हणतात. मराठीत काय लिहू, असं विचारायला रात्री साडेअकराला मामाला फोन.

झोपेत मी ‘पहिली छाप’ सांगून मोकळा झालो. सकाळी तलावपाळीला फेऱ्या मारताना ते पटेना. छाप ‘पाडणारा’ एक आणि ती ‘पडते’ दुसऱ्यावर. म्हणजे सगळं कर्तृत्व गेमचं, आपण नुसते कागदासारखे पडून. शिवाय अनेकवचन केलं की ‘पहिल्या छापा’ होतं, आणि प्राप्तिकरवाले दारात उभे दिसतात. (तो छापा पुल्लिंगी, शब्द वेगळा, ठाऊक आहे. पण कानाला कोण समजावणार?)

‘प्रथमदर्शनी मत’ हे कोर्टाचं आणि पंचनाम्याचं. त्यातलं ‘दर्शनी’ मला जास्त खटकतं. ऍक्शन गेम बघून कळत नाही, हातात घेऊनच कळतो. ट्रेलरमध्ये सगळेच देखणे.

दोन तासांचं महत्त्व भाच्याने सांगितलं. स्टीमवर (गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात) घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून झालेला असेल, तर पैसे परत मागता येतात. म्हणजे हे मत नुसतं हौसेचं नाही. ठेवायचा की परत करायचा, हा हिशेब त्यात आहे. सुचवा.

आळशी बोका

पहिला घास? नाहीतर सरळ ‘चाचपणी’.

चेंदणीकर

घास चांगला आहे, पण घास उलटून मारत नाही. ऍक्शन गेम मारतो. आणि चाचपणी आता पक्ष उमेदवारांची करतात, ती त्यांच्याकडेच राहू दे.

सेक्टर पंधरा

वडील वाशीच्या मार्केटात माथाडी कामगार होते, आम्ही भावंडं कोपरखैरण्यात वाढलो. गाव साताऱ्याकडचं. जत्रेच्या कुस्त्या बघायला वडील खांद्यावर बसवून न्यायचे, त्यामुळे हा शब्द माझ्या घरातला आहे: खडाखडी.

सलामी झडली की पैलवान लगेच डाव टाकत नाहीत. मानेवर हात, मनगटाची पकड, कपाळाला कपाळ लावून रेटारेटी. समोरच्याचा जोर कुठल्या पायावर आहे, मान किती घट्ट आहे, दमाला कसा आहे, हे सगळं तेव्हा कळतं. बातमीत वाचलं असेल, ‘पहिली पाच मिनिटं खडाखडीत गेली’. नवा गेम सुरू केल्यावर आपण वेगळं काय करतो? कुठलं बटण किती चालतं, शत्रू वार करायच्या आधी खांदा उचलतो का, मागे सरायला जागा किती.

मुख्य म्हणजे खडाखडी दोन्ही बाजूंनी असते. गेमही तुम्हाला जोखत असतो. ‘एल्डन रिंग’ (२०२२) घ्या. सुरुवातीच्या गुहेतून मोकळ्या माळावर आलात की समोर सोनेरी चिलखतातला घोडेस्वार फिरत असतो. नवखा जाऊन भिडतो आणि दोन-तीन फटक्यांत आडवा होतो. मी सात वेळा झालो, मग डोक्यात उजेड पडला की त्याला वळसा घालून पुढे जायचं आणि अंगात बळ आल्यावर परतायचं. तालमीत वस्ताद नेमकं हेच सांगतो: जोर कळला ना, मग सुट.

चेंदणीकर

वा. हा शब्द मी वाचला होता, वापरायचं सुचलं नव्हतं. भाच्याला कळवतो.

कुस्तीवरून एक जोड. पुष्कळ गेममध्ये पहिली मोठी लढत हरण्यासाठीच मांडलेली असते. ‘सेकिरो’त (२०१९) सुरुवातीलाच गेनिचिरो नावाच्या शत्रूशी गाठ पडते आणि नायकाचा हात तुटतो. भाच्याने जिद्दीने तिथे त्याला हरवलं, तरी पुढच्या दृश्यात दगाफटका होऊन हात तुटलाच. कथेला तुटलेला हात हवा आहे, तुम्ही जिंका नाहीतर हरा. याला आपल्याकडे तयार शब्द आहे: नुरा कुस्ती. राजकारणाच्या बातम्यांत तो इतका वापरला जातो की मूळ आखाडा लोक विसरले.

पामबीच

नुरा कुस्तीत दोन्ही पैलवान कटात असतात. इथे खेळणाऱ्याला काहीच माहीत नाही, तो बिचारा जीव तोडून लढतोय. चपखल नाही. पण शब्द मजेशीर आहे, राहू द्या.

मी नेरूळला राहते, खेळते, आणि कोश उघडायच्या फंदात पडत नाही. तुमचं लक्ष शीर्षकावर आहे; माझ्या मते खरी अडचण पुढे आहे. व्हिडिओत तो मुलगा ‘गेमफील’ला, म्हणजे गेम हाताला कसा लागतो त्याला, काय म्हणणार? पहिल्या दोन तासांत कथा कळत नाही, नकाशा कळत नाही. कळतो तो हा फील. आणि त्याला मराठीत चांगले शब्द आहेत, फक्त ते स्कूटर आणि बॅटबद्दल बोलताना वापरतो.

‘हाताला जड’ आणि ‘हाताला हलका’. ‘डार्क सोल्स’ (२०११) हाताला जड. तलवार उगारली की उगारली, मध्येच विचार बदलता येत नाही, वार पूर्ण होईपर्यंत तुम्ही त्यात अडकलेले. ‘डेव्हिल मे क्राय ५’ हाताला हलका, एका वारातून दुसऱ्यात सहज जाता येतं. दोन्ही गुणच. पण ‘हाताला जड’ वेगळं आणि ‘जड जाणं’ वेगळं. जड जातो तो कठीण गेम. हलका गेमही जड जाऊ शकतो.

तिसरा प्रकार ‘सुस्त’, आणि हा मात्र दोष. बटण दाबल्यावर वार उमटायला वेळ लागतो तो. सेकंदाला ६० फ्रेम (पडद्यावरची चित्रं) असतील तर एका फ्रेमला साधारण १७ मिलिसेकंद मिळतात, ३० असतील तर ३३. नेहमीपेक्षा काही फ्रेम जास्त उशीर झाला की ‘सुस्त’ हा शब्द आपोआप तोंडात येतो. लोक जड आणि सुस्त यांची सरमिसळ करतात आणि चांगल्या गेमला उगाच शिव्या घालतात. माझ्या नवऱ्याने हेच केलं. नंतर कळलं, टीव्ही गेम मोडवर नव्हता, उशीर टीव्हीचा होता.

आणि ‘बसणं’. वार बसतो, दणका बसतो. चांगल्या गेममध्ये वार बसला की चित्र क्षणभर गोठतं, काही फ्रेमपुरतं. हिटस्टॉप म्हणतात त्याला. डोळ्याला ते वजन वाटतं. हे नसेल तर तलवार धुरातून गेल्यासारखी जाते. २०१८च्या ‘गॉड ऑफ वॉर’मधली कुऱ्हाड फेकून परत बोलावली की कंट्रोलर थरथरतो आणि ती तळहातात येऊन बसते. मी पहिला अर्धा तास फक्त तेवढंच करत होते. मग आपला ‘हात बसतो’, तो वेगळा. त्याला दिवस लागतात. म्हणून दोन तासांच्या व्हिडिओत ‘वार चांगला बसतो, हात अजून बसला नाही’ असं म्हणता यावं. दोन वेगळ्या गोष्टी, क्रियापद एक.

आळशी बोका

वर ‘दम’ येऊन गेला त्यावरून. स्टॅमिना म्हणजे दम, याहून चांगला शब्द कुणी आणून दाखवावा. ‘गेममध्ये दम आहे, पण हिरोचा दम लवकर संपतो.’ कबड्डी खेळलेल्याला समजवावं लागत नाही.

डॉज, म्हणजे वार चुकवणं, मात्र सुटत नाहीये. हुलकावणी?

सेक्टर पंधरा

हूल आणि हुलकावणी वेगळ्या ठेवा. हूल म्हणजे येतोय असं भासवून न येणं. ती बहुतेक शत्रूच देतो. उगारलेला हात तो मुद्दाम उशिरा खाली आणतो आणि आपण आधीच उडी मारून बसतो. हुलकावणी म्हणजे हाती लागता लागता निसटणं, ती आपण देतो. जमिनीवर लोळून निसटायचं असेल तर कोलांटी.

पॅरीला, म्हणजे ऐन वेळी वार उडवून लावण्याला, ‘तोड’. प्रत्येक डावाला तोड असते हे तालमीतलं पहिलं वाक्य. ढालीवर वार नुसता घेतला तर तो ‘झेलला’. वेळ साधून मोडला तर ‘तोडला’.

पामबीच

तोड छान. पण ‘मी त्याचा वार तोडला’ असं म्हटल्यावर निम्म्या पोरांना वाटेल सोमवार की मंगळवार.

मल्लखांबवाले कुणी असतील तर त्यांनीही बोलावं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या गेम कंपनीचा ‘राजी’ (२०२०) खेळले, त्यातली मुलगी खांबाला धरून गिरकी घेत मारते. मला शाळेतल्या मल्लखांबावरची बगली आणि दसरंग आठवली. तिथे डॉज-बीज काही मनात आलं नाही.

ज्येष्ठ वाचक

चर्चा रंजक, पण हट्ट कशासाठी? आजच्या सतरा वर्षांच्या मुलाने खडाखडी कधी ऐकली असेल का? घोडबंदर रोडच्या टॉवरात आखाडा कुठून येणार? ‘इम्प्रेशन’ आता मराठीच आहे. ‘काय इम्प्रेशन मारतोस’ हे आम्ही कॉलेजात १९७८ साली म्हणायचो.

चेंदणीकर

काका, तुमचाच पुरावा तुमच्यावर उलटतो. ‘इम्प्रेशन मारणं’ म्हणजे ऐट मिरवणं. आपण तो शब्द घेतला आणि दुसऱ्याच कामाला लावला, त्यामुळे मूळ कामाची जागा रिकामीच आहे.

मुलांनी ऐकला नसेल हे मान्य. पण ‘पॅरी’ तरी त्यांनी कुठे ऐकला होता? गेममध्ये मार खाऊन शिकले.

चेंदणीकर

काल रविवारी भाचा घरी आला होता. ‘ब्लॅक मिथ: वुकाँग’ (२०२४) नव्याने घेतलाय, त्याच्यावरच पहिला व्हिडिओ. शीर्षक ‘वुकाँगशी खडाखडी’. मी म्हटलं, अरे त्यातलं माकड तूच आहेस, खडाखडी त्याच्या शत्रूंशी. तो म्हणाला, ‘मामा, पहिले दोन तास माझं शत्रूशी भांडणच नव्हतं. त्या माकडाला हवं तिथे वळवण्यातच गेले.’

यावर माझ्याकडे तोड नव्हती. ‘पामबीच’ यांचे जड, सुस्त आणि बसणं त्याने वहीत उतरवून घेतले आहेत. नुरा कुस्ती गाळली, ‘टीव्हीवरचे नेते वाटतात’ म्हणून.

आता त्याचा नवा प्रश्न: बॉसला, म्हणजे टप्प्याच्या शेवटी येणाऱ्या तगड्या शत्रूला, म्होरक्या म्हणावं, की टोळी नसताना म्होरक्या होता येत नाही?