'विशेष मांस' लिहू की 'सागुती'?

मलप्रभाकाठची
आमच्या खानापूरच्या वाचक गटात सध्या अर्जेंटिनाच्या अगुस्तिना बास्तेरिका या लेखिकेची 'टेंडर इज द फ्लेश' ही कादंबरी हातोहात फिरते आहे. मूळ स्पॅनिश 2017 ची, आम्ही वाचलं ते 2020 चं इंग्रजी भाषांतर. एका विषाणूमुळे सगळ्या जनावरांचं मांस विषारी ठरतं आणि सरकार कायदा करून माणसांची पैदास आणि कत्तल सुरू करतं. गटातल्यांचे अभिप्राय मराठीत उतरवून गावच्या साहित्य संमेलनाच्या स्मरणिकेला द्यायचे आहेत. एकीने पुस्तक अर्ध्यात मिटलं, एकाचं मटण सुटलं, एकजण म्हणतो यात नवीन काय, माणूस माणसाला खातोच आहे. हे सगळं सरळ लिहिता येतं. अडलंय ते एका शब्दाशी. कादंबरीत या पैदाशीच्या माणसांना 'माणूस' म्हणायची सोय नाही. त्यांच्या मांसाला सरकारी नाव आहे 'स्पेशल मीट'. मी 'विशेष मांस' लिहिलं. गटातली एक म्हणाली, हे वाचून कुणाला काही होणार नाही, आपण घरात मटणाला म्हणतो ते 'सागुती' लिही. ऐकूनच अंगावर काटा आला. पण सागुती म्हणजे शिजवलेली ना? पुस्तकात तर खाटकाकडे टांगलेलं कच्चंही त्यात येतं. काय करू?

शहापूरचा जुना वाचक
'विशेष मांस'च ठेवा. ते नाव सरकारने दिलेलं आहे आणि सरकार सागुती म्हणत नाही. 'विशेष' हा कचेरीतला शब्द आहे: विशेष सभा, विशेष कार्यकारी अधिकारी. भीती त्या कोरडेपणातच आहे. 'स्पेशल मीट' देवनागरीत लिहून मोकळं व्हायचं मात्र टाळा. आपल्याकडे एवढे शब्द असताना उसनवारी कशाला?

निपाणीची
आमच्याकडं सागुती कुणी म्हणत नाही हो. 'आज वशाट हाय' म्हणतात, आणि दुकानातून आणायचं ते मटण. सागुती मी पहिल्यांदा चंदगडला मावशीकडं ऐकली, ती ताटातली, रश्शासकट. त्यामुळे मलप्रभाताईंची शंका बरोबर वाटते.

कडोलीकर
ताई, आमच्या भागात कच्चीपण सागुतीच. जत्रेला बकरं पाडलं की सागुतीचे वाटे घालतात, शिजवलेल्याचे वाटे कोण घालतंय? खाली केळीची पानं अंथरायची, त्यावर जितकी घरं तितके ढीग. प्रत्येक ढिगात थोडं काळीज, थोडी चरबी, एक नळी, एक मांडीचा तुकडा. मग घरातला जाणता माणूस उकिडवा बसून सगळ्या ढिगांवरनं नजर फिरवतो. ह्यातला एक तुकडा उचलून त्यात टाकतो, त्यातलं हाड काढून ह्यात. वाटा कुणाचा कुठला हे नंतर ठरतं, म्हणून भेदभाव होत नाही. लहानपणापासून मी हे बघत आलोय आणि मला त्यात कधी काही वावगं दिसलं नाही. ह्या पुस्तकात कारखान्यातला माणूस नव्या उमेदवारांना कुठला भाग कुठं जातो ते फिरवून दाखवतो. तिथं मला ती केळीची पानं दिसली. पुढं वाचवेना. बायको विचारते, 'काय वाचूलाईस एवढं?' तिला सांगता आलं नाही. म्हणून माझं मत सागुतीला. वाचणाऱ्याला स्वतःचं घर दिसलं पाहिजे.

दोन्ही भाषांची बाई
मी शाळेत कन्नड आणि मराठी दोन्ही शिकवते, स्पॅनिश हौसेने शिकले. मूळ पुस्तकात शब्द आहे 'कार्ने'. अंगावरचं मांस आणि ताटातलं मांस या दोन्हींना तिथे हा एकच शब्द चालतो. इंग्रजीला 'फ्लेश' आणि 'मीट' असे दोन शब्द लागतात, त्यामुळे इंग्रजी भाषांतरात एक पडदा आपोआप पडतो. मराठी इथे स्पॅनिशच्या जवळ आहे, आपल्याकडेही 'मांस' एकच. पण आपण ते म्हणतो कुठे? 'पोराच्या अंगावर मांस नाही', 'बाळंतपणानंतर जरा मांस चढलं', 'हाडामांसाचा माणूस'. सगळीकडे जिवंत माणूस. दुकानात जाऊन 'अर्धा किलो मांस द्या' असं कुणी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

म्हणून शहापूरच्या काकांशी माझं पटत नाही. लपवू पाहणारं सरकार 'मांस' हा शब्द निवडणारच नाही, कारण मराठीत त्यातून माणूस डोकावतो. ते 'मटण' निवडेल. मटण इंग्रजीतून आलं, इंग्रजीत फ्रेंचमधून. तिथे अर्थ मेंढी. आपण ते बोकडाला लावलं आणि आता ते ऐकून कुठलंच जनावर डोळ्यांपुढे येत नाही. झाकायला इतका तयार शब्द दुसरा नाही. 'विशेष मटण' लिहा.

शहापूरचा जुना वाचक
बाई, मुद्दा मोलाचा आहे, पण तोच माझ्या बाजूने जातो. 'मांस' मध्ये माणूस डोकावत असेल तर वाचकाला तो दिसू दे. मनुस्मृतीत या शब्दाची फोडच दिली आहे: 'मां सः', मला तो. इथे ज्याचं मांस मी खातो, तो परलोकात मला खाईल. या कादंबरीला याहून जवळचा शब्द कुठला?

दोन्ही भाषांची बाई
ती फोड सुंदर आहे, पण व्युत्पत्ती म्हणून टिकत नाही. शब्द त्याहून फार जुना आहे. रशियनमध्ये 'म्यासो', आर्मेनियनमध्ये 'मिस', रोमा लोकांच्या भाषेत 'मास'. सगळी एकाच कुळातली भावंडं. तिथे 'मां' नाही आणि 'सः' पण नाही.

शहापूरचा जुना वाचक
व्युत्पत्ती चुकली म्हणून अर्थ पुसला जात नाही. पिढ्यान् पिढ्या लोकांनी तो शब्द तसाच ऐकला. ते ऐकणंही भाषेचाच भाग आहे.

उचगावचा
मांसावरनं एवढं चाललंय, खाणाऱ्याला काय म्हणायचं? 'नरभक्षकांची कादंबरी' म्हटलं तर माझ्या पोराने विचारलं, वाघाची काय? त्याचं बरोबरच आहे. पेपरात नरभक्षक म्हटलं की वाघ नाहीतर बिबट्या. माणूस खाणारं जनावर आणि माणूस खाणारा माणूस, दोघांना आपण एकच शब्द वापरतो. 'स्वजातिभक्षक' हा जीवशास्त्राच्या पुस्तकातला, तो मासे आणि आठ पायांच्या कोळ्यांसाठी ठीक.

'कॅनिबल'ही नको. कोलंबस 1492 मध्ये कॅरिबियन बेटांवर गेला, तिथे शेजारच्या कॅरिब लोकांचं नाव त्याच्या कानावर पडलं आणि ते माणसं खातात असंही. त्या लोकांचं नावच पुढे 'कॅनिबल' होऊन शिवीसारखं जगभर फिरलं. स्पॅनिशमधूनच. अर्जेंटिनाच्या लेखिकेच्या पुस्तकाला तो लावणं मला जड जातं.

शहापूरचा जुना वाचक
महाभारतात 'पुरुषाद' आहे. कल्माषपाद राजा शापाने माणसं खायला लागतो. म्हणजे खाणारा माणूस, वाघ नव्हे. नेमका शब्द तयार आहे.

कडोलीकर
काका, स्मरणिका आमच्या गावात वाचतात. पुरुषाद कुणाला कळणार? सरळ 'माणूसखाऊ' म्हणा.

निपाणीची
'खाऊ' म्हटलं की मला पोरांच्या हातातली चिक्की दिसते.

कडोलीकर
मग 'लाचखाऊ' कसं चालतं? त्यात कुणाला चिक्की दिसत नाही.

मलप्रभाकाठची
'माणूसखाऊ' मी गटात बोलून बघते. पण अजून एक गोष्ट राहून गेली. पैदाशीच्या माणसांना पुस्तकात 'हेड्स' म्हणतात, गुरं मोजतात तसं. आणि त्यांना बोलता येऊ नये म्हणून त्यांच्या स्वरतंतूंवर आधीच शस्त्रक्रिया केलेली असते. हे वाचल्यापासून 'मुकी जनावरं' हे आपले दोन शब्द माझ्या डोक्यातून जात नाहीत. आपण ते दयेने म्हणतो. तिथे ते मुद्दाम करून घेतलेलं आहे. 'हेड्स'ला 'मुकी' लिहिलं तर?

उचगावचा
'मुकी' नको. त्यात माया आहे, आणि पुस्तकात मायेला जागाच नाही. 'डोई' लिहा. 'दरडोई उत्पन्न', 'दरडोई धान्य' हे सरकारी कागदावर रोज छापतात, आणि तिथं मोजलेली माणसंच असतात. घरात आपण 'खाणारी तोंडं' मोजतो, सरकार डोई मोजतं. कारखान्याच्या दारात 'आज चाळीस डोई आल्या' असं वाक्य वाचून बघा.

दोन्ही भाषांची बाई
हे वाक्य मी दोनदा वाचलं. पटलं. कन्नडमध्येही 'तले तिन्नबेड' म्हणतात, आपलं 'डोकं खाऊ नको'. इथली पोरं दोन्ही एका दमात बोलतात. आणि मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा माणूस तर मराठीला आधीपासून ठाऊक आहे. गटातला तो गृहस्थ 'यात नवीन काय' म्हणाला, त्याचा अभिप्राय वगळू नका. त्याच्या बाजूने अख्खी भाषा उभी आहे.

शहापूरचा जुना वाचक
'डोई' उत्तम, मराठमोळा. पण मग 'मटण' कशाला? एका पानावर एक शब्द घरचा, एक बाहेरचा, असं बरं दिसत नाही.

दोन्ही भाषांची बाई
काका, 'कागद' आणि 'सरकार' हे दोन्ही फारसीतून आले. त्यांना घरात घेतलं, मग मटणानेच काय केलं? बेळगावात त्याला कुणी पाहुणा म्हणत नाही.

निपाणीची
आणि वशाटाचं काय? ते कुणी मनावरच घेतलं नाही. माझे वडील म्हणायचे, ते 'वसा'वरनं आलंय. संस्कृतात वसा म्हणजे चरबी.

कडोलीकर
मग 'घेतला वसा टाकणार नाही' मधला वसा पण तोच काय?

शहापूरचा जुना वाचक
छे. तो व्रताचा वसा, त्याचा चरबीशी काही संबंध नाही. आणि वशाट म्हणजे निव्वळ मांस असंही नाही. आमच्या आजोळी माशालासुद्धा वशाट म्हणत.

निपाणीची
आमच्याकडं नाही. आमच्याकडं मासळी वेगळी, वशाट वेगळं, आणि कच्च्याला तर वशाट कुणीच म्हणत नाही. चिकोडी, संकेश्वरचं कुणी वाचत असेल तर सांगा, तुमच्याकडं काय म्हणतात?