शिकवल्यानंतरच्या चाचणीत (उत्तरचाचणीत) गुण वाढले, पण 'मला समजलं' असं म्हणणारे घटले. काय लिहावं?

प्रश्न: कृतियुक्त अध्यापनावर (मुलांनी स्वतः करून शिकण्यावर) एकल गट प्रयोग केला आहे, म्हणजे एकाच गटावर, तुलनेला दुसरा गट न घेता. घटक घनता. संपादणूक चाचणी (घटक किती आला हे मोजणारी) आधी आणि नंतर, दोन्ही वेळा सोबत पंचबिंदू प्रश्नावली (1 ते 5 मध्ये सहमती सांगायची, 'हा घटक मला चांगला समजला आहे' अशी विधानं). गुण स्पष्ट वाढलेत, प्रश्नावलीची सरासरी मात्र किंचित उतरली. प्रश्नावली सदोष धरून वगळावी का?

उत्तर १: अजिबात वगळू नका, प्रबंधातला सगळ्यात मोलाचा भाग तोच ठरू शकेल. हार्वर्डमधल्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवर लुई डेलोरिए आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असंच दिसलं: सक्रिय अध्ययनाच्या तासाला मुलं चाचणीत जास्त शिकलेली आढळली, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. ओघवतं व्याख्यान ऐकताना सगळं कळल्यासारखं वाटतं. स्वतः सोडवताना अडखळायला होतं, आणि ते अडखळणं मुलं 'येत नाही' असं धरतात.

दुसरं कारण, मोजपट्टीच बदलते. घनता म्हणजे जडपणा एवढंच ठाऊक असलेला विद्यार्थी आधी बेधडक 4 देतो. लोखंडाचा खिळा बुडतो आणि लोखंडीच जहाज तरंगतं, हे कोडं सोडवल्यावर तोच 3 देतो. हा 3 आधीच्या 4 पेक्षा जास्त जाणता आहे.

उत्तर २: मोजपट्टी सरकली का, हे तपासता येतं. शेवटच्या प्रश्नावलीत प्रत्येक विधानापुढे दोन रकाने द्या: 'आज मला किती येतं' आणि 'शिकवण्याआधी किती येत होतं, असं आज वाटतं'. दुसऱ्या रकान्यातले आकडे मूळ पूर्वप्रश्नावलीपेक्षा बरेच खाली आले, तर संशय पक्का होतो. फक्त मूळ आकडे काढून हे बसवू नका. शिक्षकांना बरं वाटावं म्हणूनही मुलं आधीचं कमी दाखवतात.

विधानंही नेमकी हवीत. 'चांगला समजला' याचा अर्थ प्रत्येकाचा निराळा, त्याऐवजी 'वस्तुमान आणि आकारमान दिल्यास मी घनता काढू शकतो' असं लिहा. 'समजला आणि आवडला' अशी जोडविधानं तर नकोतच.

पुढच्या घटकाला चाचणीतच प्रत्येक उत्तरापुढे 'हे बरोबर असल्याची खात्री किती टक्के' विचारा. सरासरी खात्री 80 आणि बरोबर उत्तरं 60 टक्के असतील, तर 20 चा फाजील विश्वास. ही तुलना विद्यार्थीनिहाय करायची, त्यासाठी नावाऐवजी सांकेतिक क्रमांक द्या. नाव लिहायला लावलं की उत्तरं गोड होतात.

उत्तर ३: वरचं मान्य, पण एकल गटात नियंत्रित गट (तुलनेसाठी नेहमीच्या पद्धतीने शिकवलेला) नाही. त्यामुळे 'कृतियुक्त पद्धतीमुळे आत्मविश्वास घटला' असं विधान करू नका, व्याख्यान पद्धतीतही तो घटला असता का हे या रचनेतून कळत नाही. आधी कच्ची माहिती पाहा. सरासरी सगळ्यांची थोडी उतरली, की आधी 5 देणारे मोजकेच घसरले? गुणवाढ आडव्या अक्षावर आणि प्रश्नावलीतला फरक उभ्या अक्षावर घेऊन विकिरण आलेख (प्रत्येक विद्यार्थ्याचा एक ठिपका) काढा, लगेच दिसेल. पंचबिंदू श्रेणी क्रमवाचक (फक्त क्रम सांगणारी, टप्प्यांमधलं अंतर समान असेलच असं नाही) असल्याने जोडीतल्या, म्हणजे त्याच विद्यार्थ्याच्या आधी-नंतरच्या, फरकासाठी विल्कॉक्सन ही सांख्यिकी चाचणी वापरा. अहवालात 'विद्यार्थ्यांना जाणवलेलं अध्ययन' आणि 'चाचणीतली संपादणूक' यांची कोष्टकं वेगळी ठेवा, एकत्र बेरीज कुठेही नको.